देवगड ते पुणे, फोंडा घाटातून: चढावर पिकअप दम टाकते आणि जो तो सेन्सर बदलायला सांगतो

लोड भरलेली जुनी पिकअप घाटात दम टाकू लागली, चेक लाइट पेटली आणि स्कॅनरवर पी००८७ (डिझेलचा दाब कमी) असा कोड आला, तर लगेच कोणताही सेन्सर विकत घेऊ नका. आधी डिझेलच्या टाकीचं झाकण उघडा आणि कान देऊन ऐका. एवढी गोष्ट कळायला मला १४,३०० रुपये आणि एक अख्खी रात्र लागली, म्हणून ती सगळ्यात वर लिहितोय.

गाडी २०१४ची, पुणे पासिंग, कॉमन रेल डिझेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, मोठ्या दाबानं डिझेल देणारं), मी तिसरा मालक. मे महिन्याचा पहिला आठवडा, मागे हापूसच्या ६० पेट्या, सोबत पुतण्या. देवगडहून दुपारी चारला निघालो. नांदगाव तिठ्यावर चहा घेतला. बेत असा होता की रात्री राधानगरीवरून कोल्हापूर, तिथून हायवे धरून पहाटे बाजार भरायच्या आत मार्केट यार्डात पेट्या उतरवायच्या. फोंड्यापर्यंत गाडी बिनतक्रार आली.

घाट सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडीनं ओढणं सोडलं. दुसऱ्या गिअरवर पाय पूर्ण दाबलेला, तरी आरपीएम दोन हजारांच्या वर जाईना. मग चेक लाइट लागली, दोन आचके बसले आणि इंजिन हळूहळू मंदावत बंद पडलं. चाकांना दगड लावले. वीस मिनिटांनी चावी फिरवली तर पहिल्याच झटक्यात चालू, जणू काही झालंच नव्हतं. दीड-दोन किलोमीटर गेलो आणि पुन्हा तेच. मागून बस, ट्रक, सगळे हॉर्न मारतायत, उजेड संपत आलाय आणि मोबाइलला रेंज नाही. एका रुंद वळणावर पुतण्यानं खाली उतरून दोन्हीकडची वाहनं अडवली तेव्हा कुठे गाडी फिरवता आली. उतारावर ती आरामात खाली आली.

खाली रस्त्यावरच एक गॅरेज उघडं होतं. मिस्त्रीनं स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्याकडे न फिरवताच निकाल दिला, "रेलचो सेन्सर गेलो हा, बदलूकच व्हयो." बदलला. गाडी चालू करून आयडलला, म्हणजे पाय न देता जागेवर, ठेवली, तरी त्याचं समाधान होईना. गरम झाल्यावर बंद पडते म्हणजे क्रँक सेन्सरही (इंजिनचं फिरणं मोजणारा) गेला, असं ठरलं. तोही बदलला. मग फिल्टर बदलला. चाचणी म्हणून सपाटीवर एक चक्कर मारून आणली आणि ओके म्हणाला. हिशेब असा: रेल सेन्सर ६,५००, क्रँक सेन्सर ३,२००, फिल्टर १,४००, स्कॅनिंग ८००, मजुरी २,४००. बिल नाही. जुने सेन्सर मागितले तर "ते टाकले." रेल सेन्सरचा तोच पार्ट मला दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात साडेतीन हजाराला मिळत होता.

साडेअकराला पुन्हा घाट. त्याच पट्ट्यात, जवळपास त्याच वळणावर गाडी पुन्हा मेली.

त्या वेळी मला रडू यायचं बाकी होतं. मागे वर्षाचं पीक, वर नवे सेन्सर, आणि अंधारात आम्ही दोघं. पुतण्या म्हणाला, "काका, डिझेल तरी आहे का बघू." काटा अर्ध्यावर होता, तरी बघायचं म्हणून त्यानं टाकीचं झाकण फिरवलं. आत हवा शिरल्याचा फस्स असा लांब आवाज आला. रिकाम्या घाटात तो मला केबिनपाशी ऐकू आला. गाडी लगेच चालू झाली आणि या वेळी चार किलोमीटर गेली.

आता कारण सांगतो, कारण इथेच मी फसलो होतो. कॉमन रेलमध्ये पंप डिझेल ओढतो, दाबतो आणि रेलमध्ये भरतो. आयडलला हा दाब माझ्या गाडीत २८० बारच्या आसपास असतो, चढावर लोड घेताना तो १,००० च्या वर जायला लागतो. टाकीतून डिझेल जाईल तितकी हवा आत यायला हवी. ती वाट बंद असेल तर टाकीत निर्वात तयार होतो, पंपाला डिझेल ओढवत नाही, रेलचा दाब पडतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिनची ताकद काढून घेतो. गाडी थांबली की फटीफटीतून थोडी हवा आत झिरपते, म्हणून वीस मिनिटांनी सगळं ठीक. सपाटीवर आणि आयडलला डिझेल इतकं कमी लागतं की दोष दिसतच नाही. लोडशिवाय घेतलेली चाचणी या दुखण्यात पूर्णपणे निरुपयोगी आहे.

पी००८७ या कोडचा अर्थ रेलमधला दाब कमी पडला, इतकाच. सेन्सरनं ही तक्रार बरोबर नोंदवली होती. खुद्द सेन्सर किंवा त्याची वायर बिघडली तर साधारणपणे पी०१९० ते पी०१९३ मधला कोड येतो. तपासायची सोपी रीत म्हणजे गाडी काही वेळ बंद ठेवा, मग इंजिन चालू न करता नुसती चावी ऑन करा आणि दाबाचा आकडा बघा. तो शून्याजवळ स्थिर असेल आणि चालू केल्यावर झटकन वर जात असेल, तर सेन्सर जिवंत आहे असं धरून पुढे शोधा. त्यासाठी ओबीडी सॉकेटात (स्कॅनर लावतात तिथे) लावायचं साधं ब्लूटूथ डोंगल पुरतं, हजाराच्या आत मिळतं. मी आता घेतलंय. चढावर दाबाचा आकडा अडकून खाली येताना तेव्हा पुतण्याच्या फोनवर स्वच्छ दिसला असता. हे त्या संध्याकाळी जवळ असतं तर गॅरेजची पायरी चढलोच नसतो.

क्रँक सेन्सरचं दुखणं वेगळं असतं आणि तो खरंच गरम झाल्यावर दगा देतो, म्हणून मिस्त्रीचं म्हणणं मला पटलं होतं. पण तो गेला की इंजिन चावी काढल्यासारखं एकदम बंद होतं, सपाटीवरसुद्धा. स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा बऱ्याच गाड्यांत जागचा हलत नाही आणि पी०३३५ कोड मिळतो. आधी आचके, मग ताकद जाणं, मग हळूहळू मरणं हा डिझेल कमी पडल्याचा प्रकार. बंद पडताना गाडी कशी बंद पडली हे नीट आठवून ठेवा, मिस्त्रीला तेच सांगा, आणि त्यानं कोड पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढा.

झाकण सैल ठेवून, भोवती फडकं बांधून पुढे निघालो. गाडी सुधारली, पण पूर्ण नाही. घाटमाथ्यावरच्या दाजीपूरला पोचायला अडीच वाजले. म्हणजे दुसराही दोष होता, आणि तो राधानगरीत सकाळी सहाला पंक्चर काढणाऱ्या माणसानं दोन मिनिटांत सांगितला. फिल्टरच्या अलीकडचा, हातानं डिझेल ओढायचा रबरी फुगा त्यानं दाबला. तो चपटा झाला आणि चपटाच राहिला. "टाकी चोक झालीया दादा, दुसरं काय न्हाय." फुगा दाबल्यावर उठत नसेल तर टाकीकडून डिझेल येत नाही. कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर लाइन कुठेतरी हवा घेतेय, क्लिपा आणि पाइप तपासा. त्यानं फिल्टरकडून सक्शनचा (टाकीतून डिझेल ओढणारा) पाइप सोडवला, टाकीचं झाकण पूर्ण काढायला लावलं आणि कॉम्प्रेसरची हवा अगदी कमी दाबानं उलटी मारली. पाइप जोडून फुगा कडक होईपर्यंत दाबला, एअर काढली. शंभर रुपये घेतले. गाडी तिथून पुण्यापर्यंत एकदाही थांबली नाही. खंबाटकीचा बोगदा, कात्रज, सगळं सुरळीत. त्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मार्केट यार्डात एक वाजता पोचलो. बाजार उठला होता, उन्हात उकडलेल्या पेट्यांना मिळाला तो भाव घेतला.

घरी येऊन टाकी उतरवली. आतल्या जाळीवर काळा चिकट गाळ बसलेला, तळाशी पाऊण लिटर पाणी. ही गाडी पावसाळ्यात जवळपास रिकाम्या टाकीनं उभी असते. किनाऱ्यावरच्या दमट हवेचं पाणी टाकीत सुटतं, पाणी आणि डिझेलच्या मधल्या थरात जिवाणू वाढतात आणि तोच गाळ होतो. लोडवर तो जाळीला चिकटतो, इंजिन बंद झालं की सुटतो. टाकीत हवा घेणाऱ्या ब्रीदर पाइपच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं निघालं. त्यात आधीच्या मालकानं डिझेलचोरीच्या भीतीनं कुलूपवालं झाकण बसवलेलं, त्याला हवेचं छिद्रच नाही. नवं झाकण २८० रुपयांना आलं.

तुम्ही जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून पाणी काढा, ब्रीदरचं तोंड बोटानं चाचपा. जवळ एक डिझेल फिल्टर, चार क्लिपा, हातभर पारदर्शक पाइप आणि पाच लिटरचा स्वच्छ कॅन ठेवा. शंका आली तर सक्शन आणि रिटर्न (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) असे दोन्ही पाइप कॅनमध्ये सोडून गाडी चालवून बघता येते. कॅनवर नीट ओढत असेल तर दोष टाकीत आहे. कॅन पक्का बांधा, सायलेन्सरपासून लांब, केबिनमध्ये मुळीच नको, रिटर्नचं डिझेल चांगलंच गरम असतं. सक्शनच्या लाइनमध्ये पारदर्शक पाइप लावला तर हवेचे बुडबुडे दिसतात. क्रँक सेन्सर जुन्या गाडीत एक जवळ असावा, रेल सेन्सर बाळगायची गरज नाही.

दोन गोष्टी मात्र करू नका. चालू इंजिनवर रेलचा किंवा इंजेक्टरचा पाइप सैल करू नका, जुन्या पंप-नोजलच्या गाडीची सवय इथे हात कापून नेईल, ती डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. आणि कोणी रॉकेल घालायला सांगितलं तर ऐकू नका, या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं.

घाटात लोड घेऊन जायचं तर दिवसा जा. रात्रीच निघावं लागलं तर फोंड्यातून निघतानाच घरी फोन करून वेळ सांगा, वर पोचेपर्यंत रेंजचा भरवसा नाही. आणि दाजीपूरच्या आसपास बंद पडलात तर केबिनमध्येच बसा, बॉनेट उघडायची घाई करू नका. आम्ही थांबलो होतो तेव्हा वीस पावलांवर दोन गवे रस्ता ओलांडून गेले, आणि बॅटरीचा झोत पडेपर्यंत ते तिथे आहेत हे आम्हाला कळलंही नव्हतं.