लॅक्टिक ॲसिड बनवणारं यीस्ट: आधी पीएच ठरवा, मग जनुक

पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला पॉलिलॅक्टिक ॲसिडचा, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचे रेणू जोडून बनणाऱ्या प्लास्टिकचा, प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. उसापासून प्लास्टिक बनवण्याची चर्चा आता साखर पट्ट्यातही चांगलीच रुळली आहे. चर्चेत पहिला प्रश्न हमखास येतो: लॅक्टिक ॲसिड बनवायला यीस्टमध्ये जनुक कोणतं घालायचं? माझ्या मते हा प्रश्न तिसरा किंवा चौथा असायला हवा. पहिला प्रश्न जिप्समचा, म्हणजे या कामात निघणाऱ्या कचऱ्याचा आहे.

दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसच्या भाईबंदांकडून लॅक्टिक ॲसिड काढणं ही शंभर वर्षांहून जुनी विद्या आहे. अडचण एवढीच की या जिवाणूंना पीएच साधारण साडेपाच ते साडेसहा लागतो आणि चारच्या खाली त्यांचं काम जवळपास थांबतं. त्यामुळे टाकीत सतत चुना सोडावा लागतो. लॅक्टिक ॲसिडचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं आम्ल मुक्त आणि निम्मं क्षाररूपात, म्हणजे लॅक्टेट म्हणून असतं तो आकडा) ३.८६ आहे, म्हणून पीएच ६ ला ९९ टक्क्यांहून जास्त आम्ल लॅक्टेटच्या रूपात असतं. ते कॅल्शियमपासून सोडवायला सल्फ्युरिक ॲसिड घालायचं आणि खाली बसलेलं जिप्सम गाळून टाकायचं. एक टन लॅक्टिक ॲसिडसाठी सुमारे ०.४१ टन विझवलेला चुना आणि ०.५४ टन सल्फ्युरिक ॲसिड खर्ची पडतं, आणि ०.९६ टन जिप्सम निघतं. जवळपास मालाएवढाच कचरा, तोही सेंद्रिय अवशेषांनी मळलेला आणि ओला.

हीच टाकी पीएच ३ ला चालवली तर ८८ टक्के आम्ल आपोआप मुक्त रूपात मिळतं आणि चुन्याचा खर्च नाममात्र उरतो. पीएच ३ ला तग धरणारा जीव म्हणजे यीस्ट. म्हणून लॅक्टोबॅसिलसला आम्ल सोसायला शिकवण्यापेक्षा यीस्टला लॅक्टिक ॲसिड बनवायला शिकवायचं, हा मार्ग निघाला. अमेरिकेतल्या कारगिल कंपनीने तो औद्योगिक पातळीवर नेला. नेब्रास्कातल्या ब्लेअरला मक्याच्या डेक्स्ट्रोजपासून लॅक्टिक ॲसिड आणि शेजारीच त्याचं पॉलिमर बनतं.

आता जनुकाकडे येऊ. यीस्टमध्ये ग्लुकोजपासून पायरुवेट होतं, पीडीसी हे एन्झाइम त्याचं ॲसिटाल्डिहाइड करतं आणि एडीएच हे दुसरं एन्झाइम त्याचं इथेनॉल करतं. त्या शेवटच्या पायरीत एनएडीएच (पेशीतला इलेक्ट्रॉनवाहक रेणू) वापरलं जाऊन एनएडी परत मिळतं. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, म्हणजे एलडीएच, पायरुवेटवरून एका पायरीत लॅक्टेटवर पोचतं आणि तेवढंच एनएडीएच खातं. कागदावर अदलाबदल अगदी चोख बसते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून १८० ग्रॅम लॅक्टिक ॲसिड, ग्रॅमला ग्रॅम.

एलडीएच निवडताना दोन गोष्टी बघायच्या. एक, ते एल प्रकारचं आम्ल देतं की डी प्रकारचं (दोन्ही एकमेकांची आरशातली प्रतिमा). पॉलिमरला एकाच प्रकारचं, ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध आम्ल हवं असतं, कारण मिसळ झाली की प्लास्टिकची स्फटिकता आणि वितळबिंदू दोन्ही उतरतात. दुसरं, अनेक जिवाणूंचं एलडीएच फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट (ग्लुकोज फुटतानाचा मधला रेणू) असल्याशिवाय नीट चालत नाही, तसं नसलेलं घ्यावं. गाईच्या स्नायूतलं एलडीएच या दोन्ही कसोट्यांवर उतरतं आणि यीस्टमध्ये ते चांगलं वापरून झालेलं आहे. मात्र कोडॉन (जनुकातले तीन-तीन अक्षरांचे शब्द) यीस्टच्या पसंतीचे करून जनुक नव्याने बनवून घ्यावं.

ते प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या सुट्या डीएनए-वलयावर, ठेवायचं नाही. पन्नास पिढ्यांनंतर मोठ्या टाकीत प्लास्मिड नसलेल्या पेशींचंच राज्य असतं. सर्वात सोपी जागा म्हणजे पीडीसी१ ची, म्हणजे पीडीसी बनवणाऱ्या मुख्य जनुकाची. तिथला जनुक काढून त्याच्याच प्रमोटरपुढे (जनुक चालू करणाऱ्या तुकड्यापुढे) एलडीएच बसवलं की एका घावात दोन कामं होतात: इथेनॉलची वाट अडते आणि एलडीएचला गुणसूत्रावरचा एक अतिशय जोरकस प्रमोटर मिळतो. बेकर्स यीस्टमध्ये एवढ्याने भागत नाही. पीडीसी१ गेलं की पीडीसी५ जागं होतं आणि इथेनॉल चालूच राहतं. मग पीडीसी५ काढावं लागतं. पीडीसी६ एरवी जवळपास झोपलेलंच असतं, पण हिशोबात धरावं.

इथे नवखे लोक हमखास अडकतात. तिन्ही पीडीसी काढलेलं यीस्ट ग्लुकोजच्या प्लेटवर वाढत नाही. कारणं दोन आहेत. सायटोसोलमधलं, म्हणजे पेशीद्रवातलं, ॲसिटिल-कोए यीस्ट ॲसिटाल्डिहाइडवरूनच बनवतं आणि चरबी व लायसिन त्यावर अवलंबून असतात. शिवाय ग्लुकोज जास्त असलं की ही पेशी गुदमरते. म्हणून असे ट्रान्सफॉर्मंट (नवा डीएनए घेतलेल्या पेशी) २ टक्के इथेनॉल असलेल्या प्लेटवरच वाढवायचे आणि चार-पाच दिवस धीर धरायचा. ग्लुकोजच्या प्लेटवर ज्या दोन-चार कॉलनी दिसतात त्या बहुधा पीडीसी जनुक न निघालेल्या असतात, किंवा ग्लुकोज सोसणारं म्युटेशन झालेल्या. एडीएच काढून बघू, असा विचार कुणाच्या मनात येतो, पण त्याने ॲसिटाल्डिहाइड साठतं आणि ते विषारी आहे. अडवायचं तर पायरुवेटपाशीच.

डीएनए आत घालायची पद्धत लिथियम ॲसिटेटची. नव्याने वाढत्या कल्चरमधल्या साधारण दहा कोटी पेशी धुऊन घ्यायच्या आणि त्यांवर या क्रमाने घालायचं: ५० टक्के पीईजी ३३५० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) चे २४० मायक्रोलिटर, १ मोलर लिथियम ॲसिटेटचे ३६, उकळून लगेच बर्फात ठेवलेल्या २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर एकधागी वाहक डीएनएचे ५०, आणि आपला डीएनए पाण्यासह ३४. एकूण ३६० मायक्रोलिटर. मग ४२ अंशांवर ४० मिनिटं. पीईजी आधी घालायचं, कारण ते पेशींना तीव्र लिथियमपासून वाचवतं. बाटली नीट बंद नसेल तर पाणी उडून पीईजीची तीव्रता बदलते आणि कॉलन्या एकदम घटतात. कारण शोधताना ही बाटली आधी तपासा. डीएनए घेतलेल्या पेशींच्या निवडीला जी४१८ हे प्रतिजैविक वापरत असाल, २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, तर अमोनियम सल्फेट असलेल्या सिंथेटिक माध्यमात ते नीट चालत नाही. तिथे नायट्रोजनसाठी मोनोसोडियम ग्लुटामेट घ्या, लिटरला १ ग्रॅम. डीएनए गुणसूत्रात जोडायला बेकर्स यीस्टला टोकांशी ४० ते ६० बेसचं साम्य पुरतं. पिकिया कुद्रियावझेवीसारख्या आम्लसोशिक जातींना काहीशे ते हजार बेस द्यावे लागतात, आणि त्या बहुधा द्विगुणित (प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असलेल्या) असल्याने दोन्ही प्रती बदलाव्या लागतात. पडताळणीला पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून बघणं) करताना दोन्ही जोड तर तपासाच, पण मूळ जनुकाचा आतला तुकडा उरलेला नाही हेही बघा. एक प्रत बदलून दुसरी शाबूत राहिलेली कॉलनी जोडांच्या पीसीआरमध्ये उत्तीर्ण होते.

पिकिया कुद्रियावझेवीचं जुनं नाव कँडिडा क्रुसेई. ती काही रुग्णांना संसर्ग करते आणि फ्लुकोनाझोलला मुळातच दाद देत नाही, तेव्हा हाताळणीत ढिलाई नको. आपल्याकडे १९८९ च्या नियमांनुसार जनुकबदलाचं काम सुरू करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे जावं लागतं.

जनुकं जागेवर बसली की खरी अडचण समोर येते, आणि ती ऊर्जेची आहे. एका ग्लुकोजमागे पेशीला २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात. इथेनॉल पेशीबाहेर फुकट झिरपतं. लॅक्टेट आणि त्याच्याबरोबरचा प्रोटॉन बाहेर काढायला मात्र रेणूमागे साधारण एक एटीपी जातो. दोन लॅक्टेट, दोन एटीपी, शिल्लक शून्य. त्यामुळे फक्त लॅक्टिक ॲसिड बनवणारं बेकर्स यीस्ट हवेविना वाढू शकत नाही. हे प्रयोगांत दाखवून झालं आहे. त्यातच पीएच ३ ला बाहेरचं मुक्त आम्ल पेशीत परत शिरतं, आत त्याचा प्रोटॉन सुटतो आणि तो ढकलायला पुन्हा एटीपी.

यावर उपाय म्हणजे मोजून हवा. पहिल्या टप्प्यात भरपूर हवा देऊन पेशी वाढवायच्या, मग ती इतकी कमी करायची की जगण्यापुरता एटीपी मिळेल, पण एनएडीएच ऑक्सिजनकडे वाहून जाणार नाही. हा बिंदू आकडा पाठ करून सापडत नाही, कारण तो टाकीची उंची, ढवळणी आणि पेशींची घनता यांवर ठरतो. तो एचपीएलसीवर, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, वाचायचा. एचपीएक्स-८७एच कॉलम, ५ मिलिमोलर सल्फ्युरिक ॲसिड, मिनिटाला ०.६ मिलिलिटर, नमुना ०.२२ मायक्रॉनमधून गाळलेला. ग्लिसरॉल चढत असेल तर एनएडीएच तुंबलंय: एलडीएच कमी पडतंय किंवा हवा फार तोडली. पायरुवेट चढत असेल तर हवा जास्त आहे. पायरुवेट या कॉलमवर ग्लुकोजला जवळजवळ चिकटून निघतं, म्हणून आरआय (अपवर्तनांक) डिटेक्टरवर ते दिसत नाही. २१० नॅनोमीटरचा यूव्ही डिटेक्टर जोडा, ग्लुकोज तिथे दिसत नाही आणि पायरुवेट ठळक दिसतं. एल आणि डी हा कॉलम वेगळे करत नाही, त्यासाठी कायरल कॉलम किंवा एन्झाइमची चाचणी लागते.

ग्लिसरॉल दिसलं की ग्लिसरॉल बनवणारं जीपीडी१ जनुक काढून टाकायचा मोह होतो. घाई करू नये. दाट साखरेत पेशी ग्लिसरॉलच्या आधारावरच फुगलेली राहते, आणि लिटरला १०० ग्रॅमच्या पुढे हा आधार काढला तर बॅच सुरूच व्हायला तासन्‌तास लागतात. सीवायबी२ मात्र निःशंक काढावं. साखर संपली की यीस्ट याच एन्झाइमने एल-लॅक्टेट खायला लागतं, आणि बॅच उशिरा उतरवली तर डोळ्यांदेखत माल कमी होतो.

आम्लसोशिकपणा वाढवायला एचएए१ या नियामक जनुकाची मात्रा वाढवणं हा परिचित मार्ग आहे. दुसरा मार्ग टप्प्याटप्प्याने लॅक्टिक ॲसिड वाढवत पेशी पुढे नेण्याचा. तिथे दर वेळी पीएच मुद्दाम बांधून ठेवा, नाहीतर आम्लाला तोंड देणाऱ्या पेशींऐवजी टाकीचा पीएच वर नेणाऱ्या पेशी निवडल्या जातात. आणि हे काम पीडीसी काढलेल्या वंशातच करावं. पीडीसी शाबूत असलेल्या वंशात एलडीएच हे नुसतं ओझं असतं, ते टाकणारी पेशी शर्यत जिंकते. पीडीसी नसताना आणि हवा कमी असताना एलडीएच गमावणारी पेशी एनएडीएचमध्ये अडकून मागे पडते.

शुद्धीकरण मग बरंच सोपं होतं: पेशी गाळा, पाणी उडवा, तृतीयक अमाइनमध्ये आम्ल ओढून घ्या. साखर शिल्लक असेल तर तापवताना रंग चढतो, म्हणून साखर संपवूनच बॅच उतरवावी. आम्ल दाट होताना आपसात जुळून एस्टर बनवतं; ८८ टक्क्यांच्या मालाचं थेट टायट्रेशन कमी आकडा देतं. जादा कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) घालून उकळा आणि उरलेलं कॉस्टिक उलट मोजा.

मक्याऐवजी ऊस घेताना एक गोष्ट आधीच ठरवावी लागते. बेकर्स यीस्टकडे सुक्रोज फोडणारं इन्व्हर्टेज असतं, पिकिया कुद्रियावझेवीकडे साधारणपणे नसतं. एकतर इन्व्हर्टेजचं एसयूसी२ जनुक घाला, नाहीतर सिरप आधी फोडून घ्या. सुक्रोज फुटताना पाणी जुळत असल्याने एक टनामागे कमाल १.०५ टन आम्ल निघू शकतं. मळी स्वस्त वाटते, पण तिची राख आणि रंग शुद्धीकरणात वसूल होतात. स्वच्छ सिरप घ्यावं. आणि सिरपबरोबर कारखान्यातलं रानटी यीस्ट येतंच. त्याचा एटीपीचा हिशोब शून्यावर नसतो, ते आपल्या वंशापेक्षा वेगाने वाढतं आणि पीएच ३ त्यालाही चालतो, त्यामुळे कमी पीएचच्या भरवशावर सिरपचं निर्जंतुकीकरण सैल करू नका. सीड टाकीतच (मोठ्या टाकीसाठी पेशी वाढवायच्या छोट्या टाकीतच) दर काही तासांनी इथेनॉल मोजा. पीडीसी नसलेल्या वंशाच्या टाकीत इथेनॉल दिसलं, तर ते बाहेरून आलेल्या यीस्टचं असतं, आणि ती सीड मोठ्या टाकीत सोडायची नसते.