राणीछाप रुपयाची किंमत काढताना

आजीच्या देवघरातल्या डबीत एक राणीछाप रुपया निघाला. एका बाजूला व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीत सन १८६२. घरात लगेच आकडे सुरू झाले, कारण 'जुनं नाणं द्या, लाखो मिळवा' छापाच्या जाहिराती मोबाइलवर सगळ्यांनीच पाहिलेल्या. काकांनी त्यातल्या एका नंबरवर फोन लावला, तर पलीकडच्याने आधी नोंदणीची फी मागितली. मी फोन ठेवायला लावला. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, आपण कसलीही फी घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय.

मग झवेरी बाजारात आमच्या नेहमीच्या सराफांकडे गेलो. काट्यावर साडेअकरा ग्रॅमला जरा कमी भरला. नवा असताना हा रुपया बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असायचा. बाकीचं हाताळून झिजलं. बारा भागांतले अकरा भाग चांदी. तेवढ्या चांदीचा त्या दिवसाचा भाव ही मोडीची किंमत. त्याच्या खाली कुणी मागितला तर सरळ उठून यावं. सराफच म्हणाले, "आटवायला देऊ नका हो, फोर्टात नाणीवाल्याला दाखवा."

नाणीवाल्यांनी राणीकडे फारसं बघितलंच नाही. सनाच्या खाली भिंग धरलं आणि मला पुढे बोलावलं. तिथे बारीक ठिपके! मुंबईच्या टांकसाळीत पुढे १८७४ पर्यंत १८६२ हाच सन घालून रुपये पाडले जात होते, आणि खरं साल ओळखू यावं म्हणून ठिपक्यांची संख्या बदलत गेली. ठिपक्यांच्या काही मांडण्या सर्रास मिळतात, काही क्वचितच. संग्राहक जास्तीचे पैसे मोजतो ते या दुर्मिळपणाचे. नुसत्या वयाला भाव नाही. मला तर त्या क्षणी किमतीचा विसरच पडला.

आमच्या रुपयाची मांडणी सर्रास मिळणारी निघाली. शिवाय कडेला डाग दिल्याची, म्हणजे झाळकामाची खूण होती. कधीतरी कडी लावून तो माळेत ओवला असणार. "ही खूण नसती तर दुप्पट तरी आले असते," ते म्हणाले आणि मोडीपेक्षा थोडा वरचा भाव सांगितला. मी घरी येऊन लिलावांचे निकाल चाळले. विकणाऱ्याने मागितलेली नव्हे, प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत बघायची. हिशोब जुळला.

आईने घासायला चिंच काढली होती, ती परत ठेवायला लावली. घासलेल्या नाण्याचा भाव पडतो, तो काळपटपणा तसाच हवा.

आतेभाऊ तो अमेरिकेला न्यायचा म्हणत होता. पण शंभर वर्षांपूर्वीचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. विकायचा तर नाहीच, त्यामुळे रुपया आमच्याकडेच आहे.