कुमानोचा कावळा

तिसऱ्या दिवशी पहाटे, मुक्कामाच्या घरातच, मला पाळी आली. तारखेला अजून आठवडा होता. पोटात कळा, आणि जपानमधल्या कुमानोच्या यात्रेतलं होंगूचं देऊळ त्याच दिवशी गाठायचं होतं.

ताकीजिरीपासून होंगूपर्यंत कुमानो कोदो या जुन्या यात्रामार्गाची ही वाट साधारण 38 किलोमीटर. सुगी म्हणजे जपानी देवदाराच्या उंच झाडांच्या मुळांवरून, शेवाळलेल्या दगडांवरून चढायचं. वाटेत ओजी, म्हणजे छोटी देवस्थानं लागतात. तिथल्या लाकडी पेटीतला शिक्का वहीत उमटवायचा नि पुढं निघायचं. दोन दिवस ओठांवर आपसूक 'रामकृष्णहरी' येत होतं. त्या सकाळी मात्र आजीचाच आवाज कानात: "कावळा शिवलाय ना? मग देवाकडं जायचं नाही."

होस्शिनमोन ओजीपासून होंगू सात किलोमीटर. मधे चहाचे मळे, चार घरं, आणि मग फुशिओगामी. डोंगरांतून चालत आलेल्यांना देवस्थान पहिल्यांदा दिसायचं ते इथून, आणि ते तिथंच जमिनीवर डोकं टेकायचे. नावाचा अर्थच तो. मला वेळापूरचा धावा आठवला.

तिथं इझुमी शिकिबूच्या नावानं एक जुना दगडी स्तंभ आहे. हजार वर्षांपूर्वीची ही कवयित्री. कथा अशी, की ती इथवर आली आणि तिला पाळी आली. आता दर्शन नाही, या दुःखात तिनं कविता केली. रात्री कुमानोचा देव स्वप्नात आला. मी धुळीत मिसळणारा देव, मला कसला विटाळ, ये म्हणाला.

मी तिथंच बसून रडले. बराच वेळ.

होंगूत वाट देवळाच्या मागून शिरते. मूळ देऊळ खाली नदीच्या वाळवंटात होतं. 1889 च्या पुरानं ते मोडलं आणि वाचलेल्या इमारती 1891 मध्ये इथं टेकडीवर आणल्या. हात धुतले, दोनदा वाकले, दोन टाळ्या वाजवल्या, पुन्हा वाकले. डोळे उघडले तर जिकडंतिकडं कावळा! तीन पायांचा यातागारासू, कुमानोच्या देवाचा दूत. जपानचा दंतकथेतला पहिला सम्राट जिम्मू, त्याला यानंच डोंगरातून वाट दाखवली म्हणतात.

आवारात काळी टपालपेटी आहे, तिच्यावरही तोच. पायरीवर बसून कार्ड लिहिलं: "आजी, कावळा शिवला होता. दर्शन झालं. इथं तो देवाचाच आहे."

खाली त्याचं चित्र काढलं. तिसरा पाय जरा ठळक काढला, तिला नीट दिसावा म्हणून.