बाबांची लिव्हर बायोप्सी, तिचा रिपोर्ट आणि केराटिन

माझ्या बाबांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. डिचोलीजवळच्या एका मराठी शाळेत मास्तरकी केली आणि संध्याकाळी भजनाला पखवाज वाजवला, एवढंच त्यांचं आयुष्य. मधुमेह मात्र जुना. तरीही त्यांच्या लिव्हर बायोप्सीच्या रिपोर्टखाली लिहून आलं की पेशींमध्ये मॅलरी बॉडीज दिसतात, चित्र अल्कोहोलिक हेपटायटिसशी, म्हणजे दारूने येणाऱ्या यकृताच्या सुजेशी, जुळतं. तो रिपोर्ट पुन्हा तपासून घेताना मला यकृताच्या पेशीतल्या केराटिनची ओळख झाली. असा कागद हातात आलेली बरीच घरं असतील, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

बायोप्सीपर्यंत प्रकरण गेलं ते असं. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर, महिनोन् महिने वाढलेलं होतं. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आणि यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनचा आकडा मधलाच, म्हणजे धड चांगला नाही आणि धड वाईटही नाही. त्यात एएनए ही रक्ततपासणी किंचित पॉझिटिव्ह आली. ही नुसती फॅटी लिव्हर आहे की शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटली आहे (ऑटोइम्यून हेपटायटिस), हे नुसत्या रक्तावरून सांगता येईना. दोन्हींचे उपचार अगदी वेगळे. म्हणून पोटविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी तुकडा काढून बघायचं ठरवलं.

बायोप्सीची भीती बाबांपेक्षा आईलाच जास्त. प्रत्यक्षात गोष्ट सुटसुटीत निघाली. आधी रक्त गोठण्याची तपासणी आणि प्लेटलेट्स बघितल्या. बाबांची ॲस्पिरिनची गोळी डॉक्टरांनी काही दिवस आधीच थांबवली होती. (ही गोळी आपल्या मनाने कोणी थांबवू नये, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच थांबवायची असते.) सकाळी उपाशीपोटी नेलं. उजव्या बरगड्यांमधली जागा सोनोग्राफीने हेरली, तिथे भुलीचं इंजेक्शन दिलं, "मास्तर, श्वास पूर्ण सोडा आणि धरून ठेवा" म्हणाले आणि क्षणात सुई आत जाऊन बाहेर आली. खटका वाजतो, त्याने माणूस दचकतो. नंतर उजव्या कुशीवर पडून राहायचं आणि नर्स दर थोड्या वेळाने नाडी आणि रक्तदाब बघणार, कारण रक्तस्राव व्हायचाच तर बहुतेकदा पहिल्या काही तासांत होतो. बाबांचा उजवा खांदा दुखू लागला तेव्हा आम्ही घाबरलो. यकृतावरच्या पडद्याची कळ खांद्यात उमटते, असं नर्सबाईंनी समजावलं. संध्याकाळी पेज घेऊन घरी.

फॉर्मालिनच्या बाटलीतला तो तुकडा मी पाहिला. शेवयाच्या काडीएवढा, जेमतेम दोन सेंटिमीटर. सगळ्या यकृताचा साधारण पन्नास हजारावा भाग. एवढ्याशा काडीवरून यकृताचा निवाडा करायचा, म्हणून ती वाचणारा माणूस जाणता हवा.

रिपोर्ट आला तो लॅबच्या शिक्क्यासह. आत्याच्या मुलाने मोबाइलवर मॅलरी बॉडी शोधलं आणि पहिल्याच ओळीत दारू निघाली. आत्या तोंडाने काही बोलली नाही, पण आईला बाजूला घेऊन विचारलंच. बाबांना ते कळलं. त्या आठवड्यात ते भजनाला गेले नाहीत. "बाय, कागदावर आलं म्हणजे लोक कागदच खरा धरणार," एवढंच मला म्हणाले. मला राग आला तो याचाच. शिवाय व्यवहाराचाही प्रश्न होता. आरोग्यविम्याच्या पॉलिसींमध्ये दारूच्या व्यसनावरचे उपचार वगळलेले असतात. उद्या असा शेरा फाइलमध्ये राहिला तर दावा करताना आडवा येणार.

आमच्या डॉक्टरांनी मार्ग सांगितला. लॅबला साधा अर्ज द्या, स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक मागा, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्या. रुग्णाच्या नातेवाइकांना ते मिळतात, हे मला माहीतच नव्हतं. अर्ज, ओळखपत्र, रजिस्टरवर सही, ब्लॉकचा नंबर लिहिलेली पोचपावती, झालं. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तोच तुकडा. दिवस मे महिन्याचे, तेव्हा तो बंद गाडीत उन्हात ठेवायचा नाही, मेण मऊ पडतं. मी तो पर्समध्ये घेऊन पणजीला गेले.

पणजीत निवृत्तीनंतरही केसेस बघणाऱ्या एक पॅथॉलॉजिस्ट बाई आहेत. त्यांच्याकडे दोघांना एकाच वेळी बघता येईल असा मायक्रोस्कोप आहे. त्यांनी ब्लॉकवरून नवीन काप काढून सीके ८/१८ हा डाग, म्हणजे ठरावीक प्रथिन तपकिरी रंगवून दाखवणारी तपासणी, करायला सांगितला. सीके म्हणजे सायटोकेराटिन. माझ्या डोक्यात केराटिन म्हणजे पार्लरमधली केसांची ट्रीटमेंट. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, नातं तेच आहे. माणसात केराटिनची ५४ जनुकं आहेत. केसांची केराटिनं वेगळी, कातडीची वेगळी आणि यकृताच्या मुख्य पेशीत दोनच, ८ आणि १८. कातडीच्या पेशीत एक बिघडलं तर दुसरं थोडंफार सांभाळून घेऊ शकतं. यकृताच्या पेशीला हा दुसरा आधार नाही.

ही दोन प्रथिनं एकमेकांना पीळ घालून धागा बनवतात, काथ्याच्या दोन पेडांचा सुंभ वळावा तसा. एकट्या पेडाचा सुंभ होत नाही, आणि जोडीदाराशिवाय उरलेलं केराटिन पेशी मोडीत काढते. या धाग्यांची जाडी सुमारे १० नॅनोमीटर. त्यांचं जाळं पेशीच्या कडेपासून केंद्रकापर्यंत पसरलेलं असतं.

मग त्यांनी मला बघायला दिलं. निरोगी पेशी एकमेकींना चिकटलेल्या, प्रत्येकीत तपकिरी बारीक जाळी, कडेला गडद. थोडं सरकवलं तर एक पेशी आजूबाजूच्या पेशींच्या दुप्पट फुगलेली, आतून जवळजवळ रिकामी, तपकिरी रंग गायब. आणि त्या रिकाम्या जागेत केंद्रकाजवळ एक वेडावाकडा तपकिरी गोळा. "हीच ती मॅलरी बॉडी. जाळं मोडलं आणि त्याचा गुंता होऊन पडला." त्या गोळ्यात केराटिन ८ आणि १८ असतात, शिवाय खराब प्रथिनांवर पेशी जी खूण करते ते युबिक्विटिन आणि पी६२ नावाचं प्रथिन. पेशीने कचरा म्हणून बाजूला काढला, पण उचलून नेता आला नाही, असा तो ढीग.

दारूशी त्याचं नाव जोडलं गेलं ते इतिहासामुळे. बॉस्टनचे फ्रँक मॅलरी यांनी १९११ मध्ये हे गोळे वर्णन केले ते दारू पिणाऱ्यांच्या यकृतात. पुढे तेच गोळे मधुमेह आणि वजनातून येणाऱ्या फॅटी लिव्हरमध्ये दिसले, तांबं साठणाऱ्या विल्सन आजारात दिसले, पित्तनलिकांच्या जुनाट आजारात आणि यकृताच्या कर्करोगातही दिसले. ऑस्ट्रियाचे हेल्मुट डेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये उंदरांना ग्रायसिओफुल्विन हे नायट्याचं औषध दीर्घकाळ खाद्यातून देऊन हेच गोळे तयार करून दाखवले. त्या उंदरांनी काही दारू प्यायली नव्हती. आता त्यांना मॅलरी-डेंक बॉडीज म्हणतात. म्हणजे गोळा सांगतो की पेशी ताणाखाली आहे. ताण कशाचा, हे रुग्णाला विचारून आणि बाकीच्या तपासण्या बघून ठरवायचं असतं. हा भेद पहिल्या रिपोर्टमध्ये पाळला गेला नाही, आणि त्याची किंमत घरातल्या माणसाने मोजली.

मी विचारलं, एक जाळं मोडल्याने एवढं काय बिघडतं? या प्रश्नावर बाई खूप वेळ बोलल्या. केराटिन पेशीला नुसता आकार देत नाही, तिला मरण्यापासून वाचवतंही. केराटिन ८ चं जनुक काढून टाकलेल्या उंदरांपैकी बरेच गर्भातच यकृतात रक्तस्राव होऊन दगावतात, असं १९९३ मध्ये दिसलं. केराटिन १८ मध्ये एकच अमिनो आम्ल बदललेले उंदीर जगतात, पण त्यांच्या यकृताच्या पेशी नाजूक होतात आणि पॅरासिटामॉलचा जास्त डोस त्यांना इतरांपेक्षा फार बाधतो. सूज आली की शरीरात पेशींना 'मर' असा निरोप देणारे रेणू सुटतात. केराटिन नसलेल्या पेशी असा निरोप फार लवकर मानतात. आणि पेशी खरोखर मरू लागली की कॅस्पेज नावाची विकरं केराटिन १८ चे ठरावीक जागी तुकडे करतात. ते तुकडे रक्तात येतात आणि मोजता येतात. संशोधनात ही मोजणी वापरतात, रोजच्या तपासणीत नाही, तेव्हा कोणी लॅबवाल्याने पॅकेजमध्ये दिली तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

काही माणसांत ही केराटिन जनुकं जन्मतःच किंचित वेगळी असतात. त्याने आजार आपोआप होत नाही, पण दुसरा कुठला मार बसला तर यकृत लवकर हार मानतं. बाबांची ती तपासणी करायची का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, उत्तर काहीही आलं तरी उपचार तोच, पैसे कशाला घालवता.

त्यांच्या रिपोर्टमध्ये लिहून आलं: चरबी, फुगलेल्या पेशी, मॅलरी-डेंक बॉडीज, दुसऱ्या टप्प्याचा फायब्रोसिस (यकृतात पडणारे वण), ऑटोइम्यून हेपटायटिसची लक्षणं नाहीत, मधुमेहाशी निगडित स्टिॲटोहेपटायटिसचं (चरबीमुळे येणाऱ्या यकृताच्या सुजेचं) चित्र, मद्यपानाच्या इतिहासाशी ताळा करून अंतिम निदान व्हावं. तो घेऊन मी पहिल्या लॅबकडे लेखी विनंती केली. थोडे हेलपाटे झाले, पण सुधारित रिपोर्ट मिळाला. आमच्या डॉक्टरांनीही केसपेपरवर स्पष्ट लिहिलं की रुग्ण मद्यपान करत नाही. आत्याला मी नवा रिपोर्ट दाखवायला नेला नाही. बाबांनी स्वतः नेला.

आता उपचार. शरीराचं वजन सात ते दहा टक्के कमी झालं तर ही सूज उतरू शकते, फायब्रोसिस मागे हटायला दहा टक्के किंवा जास्त लागतं. मधुमेहाची औषधं त्या हिशेबाने बदलली. दुपारी उकड्या तांदळाचा भात मोजून, हुमण (माशाची आमटी) चालतं पण नारळ कमी, पोदेराचा (पाववाल्याचा) पाव सकाळी एकच. बाबांना सर्वात जड गेलं ते भजनानंतरच्या गोडाला नाही म्हणणं. वजन हळूहळू उतरतं आहे, एसजीपीटीही खाली आलं आहे.

ग्रायसिओफुल्विन बंद केल्यावर त्या उंदरांच्या यकृतातले गोळे काही आठवड्यांत विरळ होऊन नाहीसे होतात, हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. पण औषध पुन्हा सुरू केलं तर दुसऱ्या खेपेला ते पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर परत येतात. माणसाचं उंदरासारखंच होईल असं नाही, पण डॉक्टरांनी बाबांना वजन परत वाढू द्यायचं नाही असं बजावताना हेच उदाहरण दिलं. पुढचा फायब्रोस्कॅन पावसाळ्यानंतर आहे. तो ठीक आला तर पुन्हा सुई लागणार नाही.