तो डबा अजून चालूच आहे

तुम्ही विचारलंत म्हणून. घरी येणारा प्रत्येकजण विचारतोच: राउटर असताना हा जुना पीसी चोवीस तास कशाला? बासष्ट वॉट, म्हणजे महिन्याला 45 युनिट. हिशेब मलाही येतो.

या डब्यावर पीएफसेन्स चालतं: जुन्या पीसीला राउटर आणि घरच्या नेटचा पहारेकरी बनवणारं सॉफ्टवेअर. 2017 साली पीएफसेन्सनं 32 बिटच्या जुन्या प्रोसेसरना रजा दिली, तेव्हा माझा पेंटियम फोर गेला आणि भंगारातला कोअर टू डुओ आला. तिसऱ्या नेटवर्क कार्डावर कॅमेऱ्यांचा डीव्हीआर एकटा टाकलाय. तो रेकॉर्ड करतो, बाहेर बोलत नाही. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं असलेच डीव्हीआर कारखान्यातल्या पासवर्डनं गाठले होते, त्यामुळे ही भीती उगाच नाही. बाकी बरंचसं काम साधा राउटरही करतो. हे मी सहसा कबूल करत नाही.

आता त्या दिवसाचं. मी लग्नाला सोलापूरला, मुलगी घरी एकटी. इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्मचा शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत. तीन तास लाईट गेली, यूपीएस केव्हाच संपला. लाईट आली, पण नेट नाही.

"बाबा, पंखा फिरतोय, दिवा लागलाय."

"बंद करून परत चालू कर."

असं चार वेळा. डब्याला ना मॉनिटर, ना कीबोर्ड. मला वाटलं, हार्ड डिस्क गेली. वायर सरळ लॅपटॉपला लाव म्हटलं, तर पीपीपीओईचा, म्हणजे नेट कंपनीकडे लॉगिन करायचा पासवर्ड डब्यातच, मला पाठ नाही. तळमजल्यावर मोबाइलची रेंज बोलण्यापुरती. शेवटी ती पावसात नेट कॅफेत गेली. वीस मिनिटं उरली होती. घाईत पसंतीक्रम वरखाली झाला.

परत येऊन मॉनिटर लावला. काळ्या पडद्यावर एकच ओळ: पुढे जायला एफ वन दाबा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेला होता. प्लगमध्ये करंट असेतो ते कळलंच नाही. 'कीबोर्ड नसला तरी सुरू हो' हे मी बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, नीट सांगून ठेवलं होतं हो! पण ते सेटिंगही त्याच सेलच्या जिवावर. तीस रुपयांचा सेल.

तिला चौथ्या पसंतीचं कॉलेज मिळालं. क्रम बरोबर असता तरी पहिलं मिळालंच असतं असं नाही. कटऑफ मी नंतर कितीदा तरी पाहिलाय. तेव्हाचा मी म्हणायचा, आपल्या घराची चावी आपल्याकडे हवी. बरोबर. पण घरात चौघं राहतात आणि चावी एकाच्याच खिशात, हे त्याला कोण सांगणार होतं? आणि सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं असतं, असं वाटत नाही.

आता सेल नवा आहे, पासवर्ड फ्रिजवर चिकटवलाय, डब्याला कीबोर्ड कायमचा जोडलाय, एफ वनवर लाल टिकली आहे.

दिवाळीला ती आली होती. लाईट गेली, आली. मी डब्याकडे धावलो, तोवर ती जिन्यात जाऊन बसली होती, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून.