विमान अकराचं, गाडी साडेचारची

आमच्या सेंटरवर सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला यांच्या जोडीला आता विमानाची तिकिटंही निघतात. यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या आडगावात विमानाने कोण जातं, असं ज्याला वाटत असेल त्याने दिवाळीच्या आधी येऊन माझ्या बाकड्यावर तासभर बसावं. हिंजवडीच्या कंपन्यांत लागलेली पोरं, सुट्टी संपवून युनिटला निघालेले जवान, लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला निघालेली माय, मुंबईच्या दवाखान्याची तारीख मिळालेला पेशंट आणि त्याच्यासोबतचा भाऊ. तिकीट निघालं, पैसे दिले, प्रिंटची घडी खिशात गेली, की उठता उठता सगळे एकच विचारतात, "भाऊ, घरून किती वाजता निघा लागते?"

याचं छापील उत्तर कुठेही मिळतं. देशातलं विमान असेल तर दोन तास आधी, परदेशातलं असेल तर तीन तास आधी विमानतळावर पोचा. उत्तर बरोबरच आहे, पण ते विमानतळाच्या दारापासून पुढचं आहे. आमचा घोळ होतो नागपूर विमानतळाच्या दाराच्या अलीकडच्या पावणेदोनशे किलोमीटरमध्ये, आणि त्याच्याही आधी आपल्याच अंगणात.

म्हणून मी प्रिंट देताना लाल पेनाने विमान सुटायच्या वेळेवर काट मारतो आणि बाजूला काउंटर बंद व्हायची वेळ लिहून देतो. आमच्याकडची हयात एसटीच्या हिशोबात गेली. साडेआठची गाडी म्हणजे साडेआठला स्टँडवर जायचं, ती नऊला येणार, आणि डबल बेल झाल्यावरही हात दाखवला की ड्रायव्हर ब्रेक दाबणार. विमानाचं तसं नाही. अकराचं विमान असेल तर सामान घ्यायचं काउंटर बहुतेक कंपन्या दहाला बंद करतात, म्हणजे बरोबर एक तास आधी. बोर्डिंगचं गेट साधारण पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. दहा वाजून पाच मिनिटांनी बॅग घेऊन पोचलात तर विमान काचेतून दिसेल, पण ते तुमचं राहिलेलं नसेल. तिथे हात दाखवून काही थांबत नाही.

आता उलटा हिशोब लावा. काउंटर दहाला बंद, म्हणून नऊला दारात. आर्णीहून यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, सेलू, बुटीबोरी करत नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत चहापाण्यासकट साडेतीन तास. झाले साडेपाच. त्यात एक तास रस्त्याच्या नावाने सोडायचा, म्हणजे साडेचार. आणि घरच्यांना सांगायचं, "चारला गाडी येते." ती शेवटची तीस मिनिटं कशाला, ते पुढे सांगतो.

रस्ता आता चांगला झाला, खोटं कशाला बोलू. आपल्या बाजूने जाणाऱ्याला एक फायदाही आहे. बुटीबोरीकडून वर्धा रोडने येताना विमानतळ शहराच्या अलीकडेच डाव्या हाताला लागतो, त्यामुळे नागपूरच्या गर्दीत शिरावं लागत नाही. भंडारा-रामटेककडच्या माणसाला अख्खं शहर ओलांडून यावं लागतं. पण रस्ता चांगला म्हणजे मोकळा असं नाही. दिवाळीनंतर कापूस निघाला की पहाटेच्या अंधारात गच्च भरलेले ट्रॅक्टर चालतात, मागे ना लाल दिवा ना रेडियम. ड्रायव्हर शहाणा असेल तर तो त्या महिन्यांत वेग कमी ठेवतो, आणि तो ठेवत असेल तर त्याला घाई करायला लावू नये. बुटीबोरीला एमआयडीसीची शिफ्ट सुटायच्या वेळेत सापडलात तर वीस मिनिटं गेलीच समजा. पावसाळ्याचं तर वेगळंच. आमच्या गावाबाहेर नाल्यावर रपटा आहे. रात्री वरच्या अंगाला जोरात पाऊस झाला की सकाळी रपट्यावरून पाणी जातं, आणि ते कधी ओसरेल हे तलाठीही सांगू शकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळचं विमान असेल तर मी सरळ सांगतो, आदल्या संध्याकाळी यवतमाळला पाहुण्याकडे मुक्काम करा. यवतमाळच्या पाहुण्यांना हे आवडतं की नाही, हा माझा विषय नाही.

मग कळंब येतं. गाडीत आई बसलेली असेल तर कळंबला "चिंतामणीच्या पाया पडून जाऊ, दोनच मिनिटं" हे वाक्य येणारच. तिथला गणपती जमिनीच्या पातळीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आईचे गुडघे, त्या पायऱ्या, बाहेर नारळ-फुलांचा भाव, मग "आलोच आहोत तर चहा घेऊ." त्या दोन मिनिटांना अर्धा तास धरा. मी दर्शनाच्या विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच, की ते आधीपासून हिशोबात घ्या. देवाला अर्धा तास द्यायचा तर मोकळ्या मनाने द्यावा, घड्याळ पाहत हात जोडू नयेत.

पण खरा वेळ जातो तो उंबऱ्यावर. गाडी दारात येऊन उभी राहते, ड्रायव्हर इंजिन बंद करतो, आणि तिथून सगळं सुरू होतं. देवापुढे दिवा लावायचा, हातावर दही-साखर, औक्षण. मोठ्या काकाजींच्या पाया पडायला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जायचं, ते अंघोळीला बसलेले. शेजारची काकू ऐनवेळी जवसाच्या चटणीचा डबा घेऊन येते, "माह्या पोट्ट्याले दे जो, त्याच्याच रूमवर राह्यते ना तू." बंद केलेली बॅग पुन्हा उघडते. जाणारा एक आणि गाडीत बसणारे सहा. त्यातल्या पाच जणांना तिकीट नसल्याने टर्मिनलच्या आत जाता येत नाही, हे ठाऊक असूनही सगळ्यांना यायचंच असतं. चारला आलेली गाडी साडेचारला हलते. मघाची तीस मिनिटं ती हीच. ती वाचवता येत नाहीत आणि वाचवूही नयेत. पोरगं सहा-सहा महिने घरी येत नाही.

मुहूर्ताचं मात्र आमच्या जुन्या माणसांनी फार अक्कलहुशारीने सोडवून ठेवलंय. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ, तेव्हा घर सोडायचं नाही, असं कुणी अडून बसलं तर मी भांडत नाही. मी म्हणतो, प्रस्थान ठेवा. आदल्या दिवशी चांगली वेळ पाहून बॅग दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, की निघणं झालं. मग माणूस कधीही निघो. त्यातही मी एक सुधारणा केली. प्रस्थान शेजाऱ्याकडे ठेवायचं नाही, किराणा दुकानात ठेवायचं. तिथे काटा आहे.

काट्याचं महत्त्व काउंटरवर कळतं. देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो सामान विमानाच्या पोटात घेतात आणि ७ किलो हातात. आमच्याकडची बॅग म्हणजे पाच किलो तूरडाळ, सांडगे, कुरड्या, लाल तिखट, लोणच्याची बरणी, वरून संत्री. काउंटरवर आकडा १९ दाखवतो. तिथून पुढे जे होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. चकचकीत फरशीवर बॅग आडवी, चेन उघडी, माय एकेक पुडी काढून बाजूला ठेवतेय, पोरगं लाजेने लाल, मागची रांग वळून वळून बघतेय. डाळ ठेवावी की लोणचं, यावर मायलेकाचं एकमत होईपर्यंत पंधरा मिनिटं सरतात. तोच वाद आदल्या दिवशी किराणा दुकानात शांतपणे घालता येतो, आणि उरलेली डाळ परत विकताही येते.

तिखट-लोणचं हातातल्या बॅगेत नको, ते पोटातल्या सामानात घाला. पॉवर बँक बरोबर उलटी, ती हातातच हवी. वाळलं खोबरं घरीच ठेवा; त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून २०२२ पासून ते सामानात चालत नाही. माचिस आणि लायटर तर खिशातूनच काढून घेतात. तंबाखूची डबी जाते, पण तिच्यासोबत पानाच्या बटव्यात अडकित्ता असतो, आणि तो जात नाही. गावातल्या एका काकाजींचा अडकित्ता त्यांच्या वडिलांच्या वेळचा होता. ते मशीनपाशी उभे राहून जवानाला सांगत होते, "बापू, यानं सुपारीच फुटते, मानूस नाई." शेवटी बाहेर उभ्या असलेल्या नातवाला फोन करून तो परत पाठवावा लागला. कमरेचा चांदीचा करदोडाही मशीनला आवाज करायला लावतो. मग बाजूला घेऊन हाताने तपासतात. त्यात काही वावगं नाही, पण वेळ जातो, आणि ज्याला हे पहिल्यांदाच होतं तो घाबरतो. घाबरलेल्या माणसाला दोन तासही अपुरे पडतात.

यावर माझा पुण्यातला भाचा हसतो. तो म्हणतो, मामा, मी तर तासभर आधी पोचतो, वेब चेक-इन फोनवर, पाठीवर सॅक, सरळ सिक्युरिटीला. त्याचं खरं आहे. वेब चेक-इन बहुतेक कंपन्या ४८ तास आधी उघडतात, ते केलेलं असलं आणि पोटात द्यायचं सामान नसलं, तर नागपूरसारख्या विमानतळावर दीड तासही पुष्कळ होतो. पण तो पुण्यात राहतो. त्याचं विमान चुकलं तर तो संध्याकाळी परत आपल्या रूमवर झोपायला जाईल. आमच्या माणसाचं चुकलं तर परतीची गाडी, नाहीतर नागपुरात लॉजचं भाडं, दुसरं तिकीट ऐनवेळच्या भावाने, आणि दवाखान्याची गेलेली तारीख. दोघांनी सारखाच वेळ धरावा, हे मला पटत नाही.

दुसऱ्या टोकाचीही माणसं आहेत. अकराच्या विमानासाठी आदल्या रात्रीच जाऊन बसतात. त्याने काही मिळत नाही. फार आधी गेलात तर गेटवरचा जवान कधी कधी थांबायला सांगतो, आणि म्हातारी माणसं बाहेर बॅगेवर बसून रात्र काढतात.

रात्रीच्या विमानाची तारीख मात्र नीट वाचा. तिकिटावर १४ तारीख आणि ००:४० अशी वेळ असेल, तर घरून १३ तारखेला दुपारीच निघायचं. आमच्याकडे दिवस कोंबडा आरवल्यावर सुरू होतो, त्यामुळे १४ चं म्हटलं की माणूस १४ च्या संध्याकाळी कपडे घालून तयार होतो. नागपुराहून शारजा, दोह्याला जाणाऱ्यांच्या बाबतीत हे जास्त, कारण ती विमानं आडवेळेला असतात. अशा प्रिंटवर मी तारखेच्या शेजारी वार लिहितो आणि "१३ च्या दुपारच्या जेवणानंतर निघणे" असंही लिहितो.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असेल तर आणखी अर्धा तास वाढवा. मंत्री, आमदार, अधिकारी, त्यांच्या गाड्या, जागोजागी बंदोबस्त. तिकिटाचे भावही तेव्हाच चढतात, म्हणून लग्नाकार्याला पोरांना बोलवायचं असेल तर त्या आठवड्यांचं तिकीट आधीच काढा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्या गर्दीचंही तेच, तेव्हा नागपूरकडे जाणारा प्रत्येक रस्ता भरलेला असतो.

बेलोऱ्याचं विचारतात लोक. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईला छोटं एटीआर विमान सुरू झालं. यवतमाळहून नेरमार्गे ते नागपूरपेक्षा जवळ पडतं आणि गर्दीही नसते. पण ते रोज नसतं, आणि वेळापत्रक बदलत राहतं. तुमच्या तारखेला बसत असेल तर जरूर काढा. काउंटर बंद व्हायची वेळ तिथेही पाहूनच निघा.

आणि एवढं करूनही चुकलंच, तर तिकिटाची प्रिंट रागाने फाडू नका. मूळ भाडं बहुधा बुडतं, पण सरकारी कर आणि विमानतळाची फी प्रवास झाला नाही तरी परत मागता येते, तसा डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे. कंपनी आपण होऊन देईलच असं नाही, मागावी लागते. उलट तुम्ही वेळेत चेक-इन करून बसलात आणि विमानच दोन तासांहून जास्त लेट झालं, तर आपल्या मुंबई-पुणे-दिल्लीसारख्या छोट्या उड्डाणांना चहा-नाश्ता देणं कंपनीचं काम आहे. तो हक्काने घ्या. कर परत मागायचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. प्रिंट आणि बँकेचं पासबुक घेऊन सेंटरवर या. त्याचे मी पैसे घेत नाही. दुपारी एक ते तीन सोडून या, तेव्हा लाइट नसते.