पद्मिनीची रेस अडकायची त्याची गोष्ट

दिवे घाटात वळणावर पाय उचलला, पण रेस काही उतरेना. पुढे उसाचा ट्रॅक्टर. क्लच दाबला तर इंजिन आणखीच किंचाळलं. चावी बंद केली, ब्रेकवर जोर देत १९८८ची पद्मिनी कडेला घेतली. बॉनेट उघडून कार्बोरेटरचा लिव्हर बोटाने ढकलला, तेव्हा कुठे तो खट्कन मागे आला.

गॅरेजवाल्याने निदान केलं: "स्प्रिंग ढिली झालीय, साहेब." जोडीला दुसरी स्प्रिंग अडकवून दिली. पॅडल इतकं जड झालं की हडपसरच्या सिग्नलपर्यंत पोटरीत गोळे यायचे. आठवड्याभरात रेस पुन्हा अडकली. दुखणं झाकण्याचा तो जुगाड होता, दुसरं काही नाही.

रविवारी मीच बसलो. आधी कार्बोरेटरपाशी रॉड सोडवला. पॅडल आणि रॉड मोकळे होते, म्हणजे अडतंय ते पुढेच. लिव्हर बोटाने फिरवून पाहिला. इंजिन थंड असताना छान फिरला; वीस मिनिटं चालवून बंद केल्यावर पाहिलं, तर मिटता मिटता मध्येच थांबला. क्लीनर मारला, फरक शून्य. गार झाल्यावर कार्बोरेटर उतरवून हातात घेतला, तर बटरफ्लाय (लिव्हरने फिरणारी, हवेची वाट उघडझाप करणारी चकती) लोण्यासारखी हलली! परत बसवून नट आवळले आणि गाडी तापवली, की पुन्हा तेच.

इंजिन बंद करून तापलेल्या अवस्थेतच खालच्या दोन नटांना अर्धा आटा सैल दिला. लिव्हर आपोआप मिटला.

मग आठवलं. दिवाळीत हवा ओढतेय म्हणून पॅकिंग बदललं होतं, आणि लीक नको म्हणून मीच नट जीव खाऊन आवळले होते. कार्बोरेटरच्या बुडाची फ्लँज, म्हणजे इंजिनवर बसणारी सपाट कड, मधून वाकलेली; म्हणून नट आवळून गाडी तापली की बटरफ्लाय अडायची. काचेवर ठेवली तर खालून फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती सरकत होती. काचेवरच ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून पसरला आणि फ्लँज आठच्या आकड्यात घासत बसलो. दीड तास गेला, बायकोने चहा दोनदा गरम केला. घासल्यावर भुकटी धुऊन काढली, बटरफ्लायचे दोन स्क्रू सैल केले, ती मिटवून मधोमध बसू दिली आणि उजेडासमोर धरून कडेची फट सगळीकडे सारखी दिसल्यावरच स्क्रू पक्के केले. नवं पॅकिंग टाकून नट यावेळी आलटून पालटून, थोडे थोडे आवळले.

जादाची स्प्रिंग काढून टाकली. परवा सासवडला जाऊन आलो. घाटात पाय उचलला की रेस उतरते. स्लो (पॅडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) मात्र अजून जरा चढाच आहे.